चर्चची उत्तरेकडची भिंत

ब्रिस्टलमध्ये मला पहिलं काम मिळालं ते एका चर्चच्या भिंतीवर. त्याआधी आठ महिने मी शाळांना अर्ज पाठवत होते. पुण्यात नऊ वर्षं चित्रकला शिकवली होती, पण इथल्या शाळांना इथला अनुभव हवा होता आणि तो कुठून आणायचा हे कुणी सांगत नव्हतं. नवरा सकाळी सातला निघायचा, विमानाच्या पंखांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मी घर आवरायचे, लायब्ररीत जाऊन बसायचे आणि चार वाजता अंधार पडायला लागला की परत यायचे. दोन हजारचं दशक तेव्हा निम्मं उलटत आलं होतं. घरी फोन करायला अजून कॉलिंग कार्ड लागायचं आणि कार्डवरचा नंबर खरवडताना मला दर वेळी वाटायचं, आज सांगण्यासारखं काय आहे आपल्याकडे?

लायब्ररीच्या बोर्डावर एक दिवस साधा टाइप केलेला कागद दिसला. जुन्या भिंतीवरच्या अक्षरांच्या जतनासाठी मदतनीस हवेत, हात स्थिर हवा, उंचीची भीती नको. खाली बस नंबर आणि चर्चचा पत्ता. पगाराचं काही लिहिलेलं नव्हतं, कारण पगार नव्हताच.

चर्च शहराच्या उत्तर टोकाला होतं. कधीकाळी ते गाव असणार. आता एका बाजूला रिंगरोड, दुसरीकडे सोफे आणि गालिचे विकणारी मोठी दुकानं, आणि मधेच यूची दोन काळसर झाडं आणि बुटक्या मनोऱ्याचं हे चर्च. आत फ्रिजसारखी थंडी. उत्तरेकडच्या भिंतीला लोखंडी परांची बांधली होती आणि तिच्यावर गुडघे टेकून एक बाई काम करत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्याला दिवा बांधलेला, अंगात दोन स्वेटर. जुन्या भिंती वाचवणं हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी माझं नाव विचारलं, दोनदा नीट म्हणून पाहिलं, मग हातात कापसाची काडी दिली आणि भिंतीवरचा नखाएवढा काळा भाग दाखवला.

"मेणबत्त्यांची काजळी आहे," त्या म्हणाल्या. "पुसायची नाही. उचलायची."

त्या नखाएवढ्या जागेला मला पाऊण तास लागला. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या नऊला ये. लोकरीचे मोजे घाल."

भिंतीवर दारापेक्षा मोठी अशी एक चौकट रंगवलेली होती, लाल आणि पिवळ्या वेलबुट्टीची. चौकटीत काळ्या, टोकदार, जुन्या वळणाच्या इंग्रजी अक्षरांत धर्माच्या दहा आज्ञा लिहिलेल्या. चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा मजकूर. आणि तो झडत होता. कुठे अर्धा शब्द, कुठे एखादं अक्षर, अशा खपल्या सुटून रोज खाली पडत. सुटायला आलेल्या खपलीवर आम्ही पातळ जपानी कागद चिकटवायचो आणि मागच्या पोकळीत सुईनं चुन्याचं पाणी सोडायचो. दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं.

रोज सकाळी चर्चचं दार उघडायला एक म्हातारे गृहस्थ येत. ते इथले वॉर्डन होते, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे. वय अठ्ठ्याहत्तर. टाय बांधल्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. दार उघडून ते परांचीखाली येऊन उभे राहत आणि विचारत, "आज किती गेली?"

ते अक्षरांबद्दल विचारत असत. बाई सांगत, "दोन. एक 'एच' आणि एक अर्धा 'एन'." ते मान हलवत आणि घंटेच्या खोलीकडे जात.

एकदा चहाच्या वेळी ते माझ्याजवळ बसले. लहानपणी प्रार्थना लांबली की ते याच भिंतीकडे बघत बसायचे. अक्षरओळख शाळेच्या आधी इथेच झाली. चौदाव्या वर्षी त्यांनी वहीत ही सगळी अक्षरं एकेक करून उतरवून घेतली आणि ती वही दाखवून छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागले. पुढची सदतीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. "मग कॉम्प्युटर आले," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. "या अक्षरांनी मला जेवायला घातलं."

वसंत सुरू झाला तेव्हा भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी खपली एकदम सुटली. खपलीखाली दगड नव्हता. गुळगुळीत चुना होता आणि त्याच्यावर एक मासा. गेरूच्या रंगाचा, तोंड उघडलेला, शेपटी वळवलेला. मी बाईंना हाक मारली. त्या खाली उतरल्या, बराच वेळ बघत राहिल्या, मग सगळे दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. आडव्या उजेडात भिंतीवरचे उंचवटे दिसायला लागले. दहा आज्ञांच्या आरपार, त्यांच्याही वर जाणारा एक उंच माणूस. हातात सोटा, पाय पाण्यात आणि खांद्यावर काहीतरी.

"आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पूर्ण आहे."

तो प्रवाशांचा रक्षक मानलेला संत होता, लहान येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. जुन्या काळी दारासमोरच्या भिंतीवर त्याला मुद्दाम काढत, कारण सकाळी त्याचं दर्शन झालं तर त्या दिवशी मरण येत नाही अशी समजूत होती. मग इथल्या राजघराण्यानं पोपचा पंथ सोडून नवा ख्रिस्ती पंथ धरला. हुकूम निघाला की देवळातली चित्रं झाका. संतावर चुन्याचा हात फिरला. पुढची राणी जुन्या पंथाची निघाली, मूर्ती परत आल्या. तिच्यामागून आलेल्या राणीच्या राज्यात त्या पुन्हा गेल्या, आणि त्यानंतर कधीतरी कोऱ्या भिंतीवर हा मजकूर लिहिला गेला. मूर्ती करू नका, तिच्यापुढे वाकू नका, ही आज्ञा नेमकी संताच्या छातीवर आली होती.

"गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं हे सगळं एका आयुष्यात पाहिलं असेल," मी म्हटलं.

"पाहिलं असेल आणि प्रत्येक वेळी रविवारी इथे येऊन बसला असेल," बाई म्हणाल्या. "दुसरं कुठे जाणार?"

संताचा चेहरा मजकुराच्या वर, नुसत्या चुन्याखाली होता. पुढच्या आठवड्यात बाईंनी तिथे डाक-तिकिटाएवढी जागा उघडून पाहिली. पापणी निघाली, मग डोळा. त्या म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी असे डोळे आधी खरवडून टाकलेले असतात. इथे ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हणजे ज्यानं झाकलं, त्याला चित्र आवडत होतं?" मी विचारलं.

"म्हणजे त्यानं खरवडलं नाही. मला एवढंच म्हणता येईल."

खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. खालचं चित्र पूर्ण बघायचं तर वरचा मजकूर काढावा लागणार, आणि एकदा काढला की तो गेला. बाईंचा कल चित्राकडे होता. त्यांनी विकारना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, स्पष्ट सांगितलं: मजकूर नाहीतरी सुटतोय, दहा वर्षांत एक ओळ उरणार नाही, आणि वरचा थर गळताना खालचं चित्रही ओढून नेईल. विकार तरुण होते, छपराच्या दुरुस्तीनं गांजलेले. चित्र निघालं तर लोक बघायला येतील, हे त्यांनाही दिसत होतं. सप्टेंबरमध्ये सगळ्या मंडळींची सभा घेऊन ठरवायचं असं झालं.

 त्या दिवसापासून वॉर्डननी "आज किती गेली" हे विचारणं बंद केलं. दार उघडत आणि परत जात.

जूनमध्ये सासरे मुंबईहून आले. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि ते एकटे पडले होते, म्हणून नवऱ्यानं आग्रहानं बोलावलं. बाबांनी मुंबईच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं काढली होती. ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, पण नळाच्या आवाजावरून गळती कुठे आहे ते अजून सांगायचे. ब्रिस्टलमध्ये त्यांना करायला काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ नीट केले, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांचे. तिसऱ्या आठवड्यात सकाळी बूट घालून दारात उभे.

"तू रोज त्या चर्चमध्ये काय करतेस ते बघायचंय," म्हणाले.

मला थोडा संकोच होता. बाबा रोज पूजा करणारे, एकादशी पाळणारे. आमचं मूळ घर गोव्याचं, चार पिढ्यांपूर्वी मुंबईला आलेलं. चर्चमध्ये शिरताना त्यांनी सवयीनं चपला काढायला वाकून पाहिलं, मग पायात बूट आहेत आणि फरशी बर्फासारखी आहे हे लक्षात आलं. टोपी मात्र काढून हातात घेतली. तोवर भिंतीवर आणखी दोन खपल्या गेल्या होत्या. संताचं एक पाऊल दिसत होतं, पावलाभोवती पाणी, तो मासा आणि वर खांद्यावरच्या मुलाचा हात.

बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हा तर वसुदेव."

मी हसले. ते हसले नाहीत. "यमुना आहे, मूल आहे, पाय बुडालेत. दुसरं कोण असणार?"

वॉर्डन मागे किल्ल्या घेऊन उभे होते. बाबा काय म्हणाले ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुरुंगात जन्मलेल्या बाळाला बाप रात्रीतून नदीपार कसा नेतो ते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. बाबांना इंग्रजी कळायचं, बोलायचेही, पण कचेरीतलं इंग्रजी. जिवाभावाचं बोलायचं तर मराठीच, आणि मग मी मधे. त्या दिवशी दोघं बाकावर बसले आणि मी दुभाषी.

वॉर्डननी भिंतीची सगळी हकीकत सांगितली, हुकूम आणि चुना आणि मजकूर. बाबा म्हणाले, "आमच्याकडे झाकायला सवडच मिळाली नाही." मग त्यांनी आमच्या कुलदेवाची गोष्ट काढली. मी ती लग्नात एकदा ऐकली होती, घाईत. इथे हे हुकूम निघत होते त्याच शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडायला सुरुवात केली. आमच्या गावच्या लोकांनी देवाला पालखीत घातलं आणि होडीतून नदीपलीकडे, दुसऱ्या राजाच्या मुलखात नेलं. तिथे एका झोपडीत ठेवलं. आज त्या जागी मोठं देऊळ आहे आणि आम्ही सगळे तिथेच जातो. गावात जे मागे राहिले ते ख्रिश्चन झाले. भाऊ भाऊ होते म्हणतात, एक होडीत बसला आणि एक राहिला.

"आणि जुन्या जागी आता काय आहे?" वॉर्डननी विचारलं.

"चर्च आहे म्हणतात. मी पाहिलं नाही. आमच्यापैकी कुणी जात नाही."

वॉर्डननी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गंमत बघा. तिकडे त्या लोकांनी तुमची देवळं पाडली, आणि त्याच सुमाराला इकडे आम्ही त्यांच्याच, पोपच्या पंथाची चित्रं झाकत होतो."

बाबांनी यावर मान हलवली. "तुम्ही निदान चुना वापरलात," ते म्हणाले. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि मला वाटलं वॉर्डन दुखावतील. पण ते पहिल्यांदाच मोकळे हसले.

उठताना बाबांनी भिंतीला हाताची पालथी बाजू लावली, आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावते तशी. मग खाली वाकून फरशीजवळ लावली, मग कमरेच्या उंचीवर. "ही ओल कुठून येते?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, जुनी भिंत आहे, इथे पाऊस फार, सगळे म्हणतात वरून झिरपते. बाबा बाहेर गेले. पंधरा मिनिटं झाली तरी आले नाहीत म्हणून मी आणि बाई पाहायला गेलो.

ते उत्तरेच्या भिंतीबाहेर गवतात उकिडवे बसले होते आणि छत्रीच्या टोकानं भिंतीवर ठोकत होते. भिंत दगडी, पण खालच्या तीन-चार फुटांवर करड्या रंगाचा गिलावा होता. वर ठोकलं की भरीव आवाज येई, खाली ठोकलं की पोकळ.

"वरून नाही, खालून येते," बाबा म्हणाले. "हे सिमेंट आहे. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, ते बाहेरच्या बाजूनं वाळायला पाहिजे. इथे सिमेंटनं वाट बंद केली. मग ते दुसरीकडून निघणार. आतून."

मी भाषांतर करायला लागले, पण बाईंना माझ्या आधी कळलं होतं. त्या गुडघ्यावर बसल्या, गिलाव्याच्या एका भेगेत पत्र्याची पट्टी घातली आणि तुकडा उचकटला. मागचा दगड ओलाचिंब होता. "मी ही भिंत बाहेरून पाहिली होती," त्या म्हणाल्या. "आयव्हीच्या वेलांनी झाकलेली होती. वेल काढून बघायला हवं होतं." त्या स्वतःवर चिडल्या होत्या, आणि त्यांना तसं चिडलेलं मी एकदाच पाहिलं.

"हे सिमेंट केव्हाचं असेल?" मी विचारलं.

उत्तर मागून आलं. वॉर्डन कोपऱ्यावर उभे होते.

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मी लावलं. मी आणि माझा मेहुणा, दोन शनिवार. दगडांमधला चुना निघत होता म्हणून. अक्षरांना पाऊस लागू नये म्हणून."

 रिंगरोडवरून गाड्या जात होत्या. बाबांना शब्द कळले होते. ते उठले, पँटचं गवत झटकलं आणि कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, त्या काळी सगळे सिमेंटच लावत होते. मुंबईतसुद्धा. मी स्वतः लावलंय."

वॉर्डननी त्यांचा हात हातात घेतला, पण ते कुणाकडे बघत नव्हते. पुढचे चार दिवस चर्चचं दार विकारनीच उघडलं. पाचव्या दिवशी वॉर्डन आले ते जुन्या कपड्यांत, टायसकट, हातात छिन्नी आणि हातोडा. बाईंनी त्यांना समजावून परत पाठवलं, की हे काम माहीतगार गवंड्याकडूनच व्हायला हवं, दगड दुखावतील. ते ओशाळले आणि बाकावर जाऊन बसले. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यानंतर उरलेले दोन महिने ही जोडी रोज तिथे असायची. काय बोलायचे मला माहीत नाही. दोघांच्या बायका गेलेल्या होत्या, त्याविषयी असेल.

सभा सप्टेंबरच्या एका संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झाली. पंचवीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी उभं राहून आधी आपली चूक सांगितली: मजकूर टिकणार नाही असं मी म्हटलं होतं, ते ओलीचं कारण माहीत नसताना. आता ते माहीत आहे. सिमेंट काढलं आणि भिंत वर्षभर वाळू दिली तर उरलेला मजकूर टिकेल. चित्रही टिकेल, खाली. तेव्हा आता निवड खरोखरच तुमच्या हातात आहे.

बरेच जण बोलले. एका तरुण जोडप्याला चित्र हवं होतं, मुलांना दाखवता येईल म्हणून. एक जण म्हणाला, मजकूर हीच आपली श्रद्धा, ते चित्र म्हणजे जुनी अंधश्रद्धा. दुसऱ्यानं विचारलं, मग ख्रिसमसला बाळ येशूच्या मूर्तीचा देखावा कशाला मांडता? जरा हशा झाला. विकारनी वॉर्डनकडे पाहिलं. ते उठले आणि म्हणाले, "भिंत माझ्यामुळे भिजली. मी मत देणार नाही." आणि बसले.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांना मी ओळखत होते. दर गुरुवारी फुलं लावायला यायच्या आणि परांचीवर आम्हाला आल्याचा केक पाठवायच्या. मूळच्या जमैकाच्या, एकोणिसाव्या वर्षी नर्स होण्यासाठी ब्रिस्टलला आलेल्या, आता निवृत्त. रविवारी त्या दक्षिणेच्या भिंतीजवळ ठरलेल्या जागी बसत. त्या जागेच्या अगदी वर एक संगमरवरी शिळा आहे, दोन रडणाऱ्या पऱ्या कोरलेली, एका व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ. दयाळू पिता, उदार दाता, वगैरे. त्याचे वेस्ट इंडीजच्या बेटांवर उसाचे मळे होते एवढं शिळेवर आहे. मळ्यांत कोण राबत होतं ते नाही.

"माझ्या बेटावर," त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला जहाजांतून आणलं त्याच्याआधी दुसरे लोक राहत होते. त्यांची गावं होती, देव होते. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ होती. एकच. त्यांचं काही बघायचं म्हटलं तर खरवडून काढायला तिथे काही उरलेलं नाही." त्यांनी दारातून चर्चकडे हात केला. "इथे दोन्ही उरलंय. एकाला काढून दुसऱ्याला बघायची घाई मला समजत नाही. जे आपोआप पडलं तिथे चित्र दिसू दे. जे उभं आहे ते उभं राहू दे."

खुर्चीकडे वळता वळता त्या परत फिरल्या. "आणि विषय निघालाच आहे म्हणून. मी तेहतीस वर्षं त्या व्यापाऱ्याच्या शिळेखाली बसते. ती काढा असं मी म्हणत नाही. तिच्या शेजारी एक कागद लावा. त्याच्याकडे माणसं होती, विकत घेतलेली, एवढं त्यावर लिहा."

 काही लोक आपल्या बुटांकडे बघत होते. विकारनी वहीत लिहून घेतलं. मग हात वर झाले आणि भिंतीचा निर्णय त्या म्हणाल्या तसाच लागला, दोन-तीन मतं विरुद्ध. शिळेचा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला, आणि तिथून त्याच्या पुढच्या.

बसमधून घरी जाताना बाबांनी मला विचारलं, "त्या नर्सबाईंच्या बेटावरच्या आधीच्या लोकांचे देव कोणते होते गं?" मला माहीत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांना होडी मिळाली नसेल."

आठवड्यानं ते मुंबईला परतले. वॉर्डननी त्यांच्यासाठी दिलेलं एक पाकीट मी विमानतळावर त्यांना दिलं. आत त्या जुन्या वहीतलं एक पान होतं, चौदा वर्षांच्या मुलानं शाईनं काढलेलं एकच टोकदार अक्षर, बाबांच्या नावाचं पहिलं.

सिमेंट ऑक्टोबरात निघालं. भिंत वाळायला वर्षाऐवजी दीड वर्ष लागलं. त्या काळात बाईंनी मला रीतसर हाताखाली घेतलं आणि मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या भिंतींवरही जायला लागले. ब्रिस्टलच्या भिंतीवर आम्ही उरलेली अक्षरं घट्ट बसवली. गेलेली अक्षरं वॉर्डनच्या वहीत होती, पण ती पुन्हा रंगवायची नाहीत असं त्यांनीच सांगितलं. तिथे आता चुना आहे, आणि चार ठिकाणी खिडक्यांसारखं चित्र दिसतं: मासा, पाऊल, मुलाचा हात आणि वर एक डोळा. नवखा माणूस आधी गोंधळतो. शेजारच्या माहितीपत्रकावर रेखाचित्र आहे, ते मी काढलं.

शिळेचा कागद लागायला तीन वर्षं गेली. व्यापाऱ्याच्या दूरच्या वंशजांना पत्रं गेली, वरच्या कार्यालयाच्या परवानग्या झाल्या, मजकुराचे सात खर्डे झाले. शेवटी जो लागला तो अगदीच कोरडा होता. नर्सबाईंनी चष्मा लावून तो उभ्यानं वाचला. मी शेजारी होते. मी विचारलं, "कसा वाटला?"

"मी याहून बरं लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण कुणी विचारलं नाही." आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

बाबा ब्रिस्टलहून परतल्यावर त्याच हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांना फोन लावला. एरवी ते दोन मिनिटांत फोन नवऱ्याकडे द्यायला सांगायचे. त्या दिवशी म्हणाले, "तुझ्याशीच बोलायचंय." ते गोव्याला जाऊन आले होते, एकटे, एसटीनं. नेहमीप्रमाणे देवळात गेले, अभिषेक केला आणि मग रिक्षावाल्याला म्हणाले, नदीपलीकडे ने. जुन्या गावात. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा.

"चर्च आहे का हो तिथे?" मी विचारलं.

"आहे. पांढरं, मोठं. पण देवळाची जागा तिथे नाही, जरा बाजूला आहे. नुसतं माळरान. एक विहीर आहे. मी आपला उभा होतो, तर समोरच्या घरातून एक म्हातारी आली, गळ्यात क्रॉस. तिनं कोकणीत विचारलं, पाणी देऊ का. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. मीच सांगायला लागलो, तर म्हणाली, माहीत आहे. तुमच्यातलं कुणी ना कुणी दर वर्षी येतं, इथेच उभं राहतं आणि जातं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मला वाटायचं कुणीच जात नाही." मग म्हणाले, "तिनं आत बोलावलं. बसलो तासभर. तिची सून मडगावला शाळेत शिकवते, चित्रकलाच. तुझं सांगितलं तिला."

कार्डवरची मिनिटं संपत आली होती. मी त्यांना विचारलं, पाणी प्यालात का तिच्या घरचं. तर म्हणाले, "प्यालो की. विहिरीचंच होतं. चांगलं गोडं पाणी आहे तिथलं."